बोर्डमामांची सही

विद्यापीठात पुढच्या आठवड्यात काय काय होणार आहे हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? कुलगुरूंना, असं तुम्ही म्हणाल. साफ चूक. ते कळतं बोर्डमामांना. कुलगुरूंच्या टेबलावर कार्यक्रमाची पत्रिका पोचेपर्यंत मामांनी तीच बातमी सतरा फलकांवर टोचून, काचेची दारं लावून, कुलुपं घालून टाकलेली असायची. अठ्ठावीस वर्षं हेच काम. शिपाई म्हणून लागले, पहिल्याच आठवड्यात कुणीतरी टाचण्यांची डबी हातात दिली आणि ती कुणी परत मागितलीच नाही. खरं नाव पगारपत्रकात तेवढं उरलं. बाकी सगळ्यांसाठी बोर्डमामा.

काय नसायचं त्या फलकांवर! पाहुण्यांचं व्याख्यान, वक्तृत्व स्पर्धा, रक्तदान, नाटकाची निवड चाचणी, वसतिगृहाचं पाणी दोन दिवस बंद. एका कोपऱ्यात ‘निळी छत्री हरवली आहे’, त्याला खेटून ‘निळी छत्री सापडली आहे’, आणि दोन्ही कागद महिनाभर शेजारी शेजारी. छत्रीवाला आणि छत्री सापडलेला दोघेही रोज तिथून जायचे. वाचतंय कोण?

“तुमचे कागद भिंतीशिवाय कुणी वाचत नाही,” मामी घरी चिडवायच्या.

“नसू देत. लागलेले असतात ना? आपलं काम लावायचं,” मामा म्हणायचे.

आणि लावायची त्यांची स्वतःची एक रीत होती. प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचं: ‘लावला’, पुढे वार, तारीख, सही. उतरवला की खाली ‘काढला’, वार, तारीख, सही. छत्रीच्या कागदावरसुद्धा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण इतक्या वर्षांत कार्यालयाला त्याची अशी सवय झाली, की ज्या सूचना ठरावीक दिवस लागलेल्या असाव्याच लागतात, त्यांचा पुरावा म्हणजे मामांची पेन्सिल. फाइलीत तो कागदच लागायचा, आणि त्यावर कुणी कधी ब्र काढला नव्हता.

अशा सूचनांत सगळ्यात कडक होती पीएचडीच्या खुल्या मौखिक परीक्षेची. प्रबंध लिहिणाऱ्याने चारचौघांसमोर बसायचं, आणि रस्त्यावरून आलेल्या माणसालाही त्याला प्रश्न विचारायची मुभा. म्हणून ती सूचना मुख्य इमारतीतल्या फलकावर सलग दहा दिवस दिसलीच पाहिजे. एक दिवस कमी पडला तरी परीक्षा रद्द, नवी तारीख, आणि दहा दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

त्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता गाळवालीची परीक्षा होती.

गाळवाली म्हणजे ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं घेणारी बाई. वय छत्तीस. सकाळी नऊ ते पाच खिडकीत बसायची आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या तळ्यांतला गाळ काढत फिरायची. तळी का आटतात हे गाळ सांगतो, असं तिचं म्हणणं. आठ वर्षांत तिने गाळाच्या तीनशे बरण्या भरल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली आणि ग्रंथपालांच्या पाया पडून त्या तळघरात ठेवल्या. मामांनी एकदा विचारलं होतं, “पोरी, चिखलात काय एवढं वाचतेस?” तर ती अर्धा तास बोलत राहिली आणि मामांना चक्क समजलं. तेव्हापासून त्यांना तिचं फार अप्रूप. तिचे मार्गदर्शक निवृत्त होऊन दूर निघून गेले, नवऱ्याने आधीच हात वर केले होते, आणि नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता शेवटचा दिवस शनिवार. म्हणजे उद्या. शुक्रवारी परीक्षा झाली नाही, तर आठ वर्षं आणि तीनशे बरण्या, सगळं पाण्यात.

सकाळी पावणेनऊला मामा मुख्य फलकाशी आले. आदल्या दिवशी क्रीडा सप्ताह संपला होता, तेव्हा त्याचं दारावरच्या पडद्याएवढं भित्तिपत्रक उतरवायचं होतं. असल्या जाड कागदांना टाचण्या पुरत नाहीत, म्हणून मामा कोपऱ्यांना डिंक लावायचे. त्यांनी ते सोडवलं, पाठीवर ‘काढला’ लिहायला उलटं केलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

पाठीला एक पांढरा कागद चिकटलेला होता. ‘खुली मौखिक परीक्षा. विषय: तळ्यांतील गाळ.’

मामांनी आधी फलकाकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग पुन्हा फलकाकडे, जणू दुसरा कागद तिथे आपोआप उगवणार होता. हे झालं कसं? आणि मग आठवलं. गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी फलकांचं हिरवं कापड बदललं होतं. सगळे कागद उतरवून त्यांनी चळत केली होती आणि दुपारी परत लावले होते. भित्तिपत्रकाचा डिंक ओला असणार. खालचा कागद त्याने ओढून घेतला, आणि मामांनी दोन्ही एकदम भिंतीला लावले. वरचा दिसला, खालचा गडप. सोमवारी लावलेला कागद तीन दिवस दिसला आणि पुढचे आठ दिवस नाही.

अठ्ठावीस वर्षांत एक कागद हरवला नव्हता हो त्यांच्या हातून! आणि हरवला तो हाच? मामा तिथल्या बाकावर मटकन बसले.

त्यांनी घरी फोन लावला. मामी शिवणाच्या मशीनवर होत्या, खटखट ऐकू येत होती.

“मी एक खोटं बोललो तर चालेल का गं?” मामांनी विचारलं.

“कुणाशी? माझ्याशी तर रोज बोलता.”

“थट्टा नको. कुणाचं तरी भलं होणार आहे.”

मशीन थांबलं. मामी म्हणाल्या, “मग बोला आणि विसरून जा. पण तुम्हाला विसरता येतं का? लग्नात माझ्या काकांनी तुम्हाला पंगतीत उशिरा बसवलं होतं, ते अजून काढता तुम्ही.” मग आवाज बदलून म्हणाल्या, “अहो, काय झालंय? सात महिने राहिलेत निवृत्तीला. उगाच कशात सापडू नका.”

“ठेवतो,” मामा म्हणाले.

सव्वादहाला कार्यालयातला कारकून आला. “मामा, गाळवालीचा कागद द्या, फाइल वर न्यायची आहे.” हात पुढे करून उभा. मामांनी पेन्सिल काढली. पाठीवर त्यांचंच अक्षर होतं: ‘लावला, सोमवार.’ त्याखाली त्यांनी लिहिलं: ‘काढला, शुक्रवार’, तारीख, सही. यात खोटं काय होतं? सोमवारी लावला होता, शुक्रवारी काढला. भित्तिपत्रकाच्या पाठीवरून का होईना, काढलाच ना! असं ते मनाला समजावत राहिले, पण ‘शुक्रवार’मधला शेवटचा र वाकडा आला. कारकून कागद घेऊन गेला. त्याने पाठ उलटून पाहिलीसुद्धा नाही. इतका विश्वास.

आता सगळं पार पडेल, मामांनी मनाशी म्हटलं. कोण बघतंय? वाचतंय कोण?

अकराला पाच कमी असताना त्यांना वर बोलावणं आलं.

परीक्षेच्या खोलीत लांबट टेबल होतं. मध्ये विभागप्रमुख बाई अध्यक्ष म्हणून, शेजारी रात्रभर प्रवास करून आलेले बाहेरचे परीक्षक. समोर गाळवाली, इस्त्रीची साडी, पुढ्यात सहा बरण्या ओळीने. मागे खुर्च्यांवर ग्रंथालयातली चार माणसं. आणि खिडकीपाशी कलमसर.

त्यांना कलमसर म्हणायचे, कारण कुठल्याही सभेत ते उभे राहिले, की नियमाचं कुठलं तरी कलम काढायचे. तळ्यांवर त्यांचं स्वतःचं जाडजूड पुस्तक होतं, आणि गाळवालीचा गाळ त्या पुस्तकाच्या बरोबर उलटं सांगत होता. एवढी एकच खुन्नस, पण ती त्यांनी पाच वर्षं जपली होती. प्रबंधावर त्यांना बोट ठेवायला जागा मिळाली नव्हती.

“माझा आक्षेप विषयाला नाही, प्रक्रियेला आहे,” कलमसर शांतपणे म्हणाले. “बोर्डमामा, हा कागद तुम्ही लावलात?”

“हो. लावला होता की.”

“सोमवारपासून आजपर्यंत?”

“पाठीवर लिहिलंय, साहेब.”

“लिहिलंय ते वाचलं मी. मी विचारतोय, सलग होता का?”

मामांनी गाळवालीकडे पाहिलं. ती मान खाली घालून एका बरणीचं झाकण फिरवत बसली होती. उघडत नव्हती, नुसतं फिरवत होती.

“हो,” ते म्हणाले.

“छान. मग तेवढंच लिहून द्या.” कलमसरांनी कोरा कागद आणि पेन टेबलावर सरकवलं. “पेन्सिलीने नको. ‘सदर सूचना सलग दहा दिवस मुख्य फलकावर दिसत होती.’ खाली सही. विषय संपला, मी पहिल्या रांगेत बसून ऐकतो.”

अध्यक्षबाई कंटाळून म्हणाल्या, “द्या हो मामा, एक ओळ लिहून. अकरा वाजले.”

मामा वाकले. त्यांनी ओळ लिहिली, सावकाश, शाळेतल्या पोरासारखी. आता सही तेवढी राहिली. त्यांनी पेन टेकवलं.

“मामा, सही करू नका.”

गाळवाली उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक.

“कागद गेल्या शुक्रवारपासून नव्हता,” ती अध्यक्षबाईंना म्हणाली. “मला माहीत आहे. मी रोज बघायला जात होते. फलकावर माझं नाव लागलं होतं ना, ते बघायला. सोमवारी होतं, मंगळवारी, बुधवारी होतं. गुरुवारी कापड बदलत होते, आणि शुक्रवारी गेले तर नव्हतं.”

कलमसरांनी खिशातून मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. त्यात मुख्य फलकाचा फोटो होता. या सोमवारचा. त्यांनी स्वतःच्या व्याख्यानाची सूचना लागली म्हणून काढलेला. मोठं भित्तिपत्रक होतं, व्याख्यान होतं, छत्र्या होत्या. गाळ नव्हता. म्हणजे यांच्याकडे पुरावा आधीपासून होता, आणि तरी सही मागितली! सही झाली असती, तर हा माणूस तो फोटो तिच्या परीक्षेवरही ठेवणार होता आणि मामांच्या छातीवरही.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “मामा, काय आहे हे?”

मामांनी सगळं सांगितलं. हिरवं कापड, ओला डिंक, भित्तिपत्रकाची पाठ. बोलताना त्यांना तिच्याकडे बघवेना.

“म्हणजे चूक कार्यालयाची,” बाहेरचे परीक्षक म्हणाले. “मग उमेदवाराला वाढीव मुदत मिळते. आमच्याकडे मिळते.”

“इथेही मिळते,” अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि गाळवालीच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. तिला हे ठाऊकच नव्हतं. कागद गेलेला दिसला तेव्हा तिने एवढाच हिशेब केला होता, की आता पुन्हा लावला तर दहा दिवस सोमवारी भरतात आणि आपली मुदत संपते शनिवारी. म्हणून गप्प बसली. आठ दिवस जीव मुठीत धरून गप्प बसली.

“मिळते,” कलमसर म्हणाले, “पण एका अटीवर. उमेदवाराला चूक कळली, तर ती कार्यालयातल्या माणसाला सांगायला हवी. माहीत असून लपवली असेल, तर नोंदणी रद्द. बाईंनी आत्ता सगळ्यांसमोर सांगितलं, की त्यांना आठ दिवसांपासून माहीत आहे.” मग तिच्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, “कुणाला सांगितलंत तुम्ही हे?”

तिचे ओठ हलले. आता ती ‘कुणालाच नाही’ म्हणणार होती. हिला दुसरं काही म्हणताच येणार नाही, हे मामांना त्या क्षणी लख्ख कळलं. जी आपली सही थांबवायला उठली, ती स्वतःसाठी काय खोटं बोलणार, कपाळ!

“मला सांगितलं होतं,” मामा म्हणाले.

सगळ्या माना वळल्या.

“गेल्या शुक्रवारी. संध्याकाळी सव्वापाचला, ग्रंथालय सुटल्यावर. मी मुख्य फलकाशीच होतो. म्हणाली, मामा, माझा कागद दिसत नाही. मी म्हटलं, उद्या लावतो. शोधला, सापडला नाही. वर सांगायची लाज वाटली.” मामा आता न अडखळता बोलत होते. “सोमवारी पुन्हा विचारायला आली, तर मी खेकसलो तिच्यावर. म्हटलं, मला माझं काम शिकवू नकोस. मग बिचारी काय करणार?”

“आणि आत्ता ‘सलग होता’ असं लिहून देत होतात?”

“देत होतो. पोटासाठी, साहेब. सात महिने राहिलेत.”

कलमसर मामांकडे बघत राहिले. मग तिला म्हणाले, “खरं आहे हे?”

गाळवालीने मामांकडे पाहिलं. मामा सरळ तिच्या डोळ्यांत बघत होते, आणि त्या बघण्यात विनवणी होती, दम होता, सगळं होतं. मग तिने मान हलवली. हो म्हणून.

अध्यक्षबाईंनी सुस्कारा टाकला. “नवी तारीख घेऊ. कार्यालयाची चूक म्हणून मुदतवाढीचा अर्ज मी स्वतः नेते. मामा, तुम्ही आत्ता सांगितलं ते लिहून द्या. चौकशी होणार, हे तुम्हाला सांगायला नको. फलकांच्या किल्ल्या जाताना कार्यालयात ठेवा.”

मामांनी पहिला कागद फाडला, दुसरा घेतला. खालच्या ओळीत ‘निष्काळजीपणा माझा’ असं लिहिलं आणि सही केली. ठळक, एका दमात.

बाहेरच्या जिन्यात गाळवालीने त्यांना गाठलं. बरण्यांची पिशवी छातीशी घट्ट धरली होती आणि ती संतापली होती, खरंच संतापली होती.

“सही करू नका म्हटलं होतं ना मी तुम्हाला!”

“ती नाही केली. दुसरी केली.”

“मामा, तुम्हाला घरी बसवतील ते! तुमचं नाव खराब होईल. माझ्यासाठी कशाला? मी आत जाते आणि खरं काय ते सांगते.”

“गप.” मामांनी वर-खाली पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं. “कागद मी हरवला. तू नाही. आता नीट ऐक. चौकशीत आपल्याला वेगवेगळं बोलावतील आणि तो कलमवाला तिथे असणार. तू मला कधी सांगितलंस?”

तिने वर, परीक्षेच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“पोरी, कधी सांगितलंस?”

“शुक्रवारी.”

“किती वाजता?”

“सव्वापाचला.”

“मी काय म्हणालो?”

“उद्या लावतो.”

“आणि सोमवारी?”

तिला हुंदका आवरेना. आठ वर्षांत हा माणूस तिच्याशी एकदाही वरच्या पट्टीत बोलला नव्हता.

“सोमवारी,” ती म्हणाली, “तुम्ही माझ्यावर खेकसलात.”

“हां,” मामा म्हणाले. “पण तिथे सांगताना रडू नकोस. चिडून सांग.”